प्रोलॉगमधल्या सिंटॅक्स एरर शोधायच्या कशा, दुरुस्त करायच्या कशा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मुलामुलींची प्रोलॉग या तर्कावर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेशी गाठ पडते ती बहुतेक वेळा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रात्यक्षिकात. तोवर सी झालेलं असतं, जावा किंवा पायथन झालेलं असतं, त्यामुळे हात त्या भाषांना सरावलेले असतात. प्रोलॉगची दहा ओळींची फाइल लिहिली, लोड केली की स्क्रीनवर लाल अक्षरांत सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या पद्धतीतल्या चुका, येतात. एक चूक सुधारली की दुसरीच वर येते. मीही याच प्रात्यक्षिकातून गेलो आहे आणि गेली काही वर्षं ज्युनिअर मुलांच्या फाइली तपासून देतो. पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका मोजक्याच आहेत. त्या ओळखता आल्या तर अख्खा तास दुरुस्तीत जात नाही आणि मूळ तर्काकडे लक्ष देता येतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रोलॉग तुमची फाइल ओळीओळीने वाचत नाही, पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंत वाचतं. एररमध्ये दिलेली जागा म्हणजे वाचन जिथे अडलं ती जागा. चूक तिथेच असेल किंवा तिच्या आधी असेल. म्हणून एरर आली की त्या जागेवरून मागे, आधीच्या पूर्णविरामापर्यंत वाचत जायचं.

उदाहरणांबद्दल थोडं. ती मी देवनागरीत दिली आहेत आणि एसडब्ल्यूआय-प्रोलॉग या प्रोलॉग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती तशीच चालतात, कारण त्याला युनिकोड समजतं. फक्त तयार आज्ञांची नावं (कन्सल्ट, लिस्टिंग, मेक वगैरे) इथे देवनागरीत असली तरी तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. कोडमधले आकडेसुद्धा इंग्रजी कीबोर्डचेच ठेवा.

१. आधी ही तयारी करा

• एसडब्ल्यूआय-प्रोलॉग. फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. यान विलेमाकर यांनी आम्स्टरडॅममध्ये १९८७ साली सुरू केलेला हा प्रकल्प आजही जोमात आहे. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही, हा गावाकडे बसून काम करणाऱ्यांना मोठा फायदा.
• साधा टेक्स्ट एडिटर: नोटपॅड प्लस प्लस, व्हीएस कोड, किंवा प्रोलॉगसोबत येणारा एडिटर. ओळींचे क्रमांक दिसले पाहिजेत आणि कंसाची जोडी रंगाने कळली पाहिजे.
• फाइल साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८.
• विंडोजमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन दिसतील अशी सेटिंग. ही नसेल तर साध्या नोटपॅडमधून 'नद्या.पीएल' म्हणून साठवलेली फाइल प्रत्यक्षात 'नद्या.पीएल.टीएक्सटी' झालेली असते, आणि फाइल समोर दिसत असून प्रोलॉग म्हणतं की ती नाही.
• कॉम्प्युटर हाताशी नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालणारं 'स्विश'. त्याला मात्र इंटरनेट हवं.

वर्डमध्ये प्रोग्रॅम लिहू नका. वर्ड ओळीचं पहिलं अक्षर आपणहून मोठं करतं, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं आणि छोटी रेघ लांब करतं. या तिन्ही गोष्टींनी प्रोलॉग अडतं, आणि तुमच्या डोळ्यांना तर सगळं ठीकच दिसत असतं.

२. एररची ओळ पूर्ण वाचा

स्क्रीनवर साधारण असं येतं:

एरर: नद्या.पीएल:४:१२: सिंटॅक्स एरर: ऑपरेटर एक्स्पेक्टेड

आधी फाइलचं नाव, मग ओळ क्रमांक ४, मग त्या ओळीतलं अक्षर क्रमांक १२, आणि शेवटी कारण. बरेच जण फक्त 'एरर' हा शब्द पाहतात आणि फाइलमध्ये अंदाजाने बदल करत सुटतात. तसं करू नका. कारणाचे शब्द थोडेच आहेत:

'ऑपरेटर एक्स्पेक्टेड' म्हणजे दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या आणि मध्ये त्यांना जोडणारं किंवा तोडणारं काही सापडलं नाही. स्वल्पविराम राहिला, पूर्णविराम राहिला, नावानंतर रिकामी जागा पडली, किंवा प्रोलॉगला माहीत नसलेलं चिन्ह आलं.

'इलीगल स्टार्ट ऑफ टर्म' म्हणजे जिथे काहीतरी सुरू व्हायला हवं होतं तिथे भलतंच चिन्ह आलं. जास्तीचा स्वल्पविराम, जास्तीचा कंस.

'एंड ऑफ फाइल' असा उल्लेख असेल तर काहीतरी उघडलं आणि बंद झालंच नाही. बहुतेक वेळा अवतरणचिन्ह किंवा कॉमेंट.

एकाहून जास्त एरर असतील तर सगळ्यात वरची आधी घ्या. ती सुधारून फाइल साठवा, प्रॉम्प्टवर (प्रोलॉगला प्रश्न विचारायच्या ओळीवर) 'मेक.' द्या (बदललेल्या फाइली पुन्हा लोड होतात), आणि मग पुढचीकडे वळा. खालच्या कित्येक तक्रारी वरच्या एका चुकीतून आलेल्या असतात. विशेषतः 'अननोन प्रोसीजर' ही. एखादं विधान वाचताच आलं नाही तर प्रोलॉग ते टाकून पुढे जातं. नंतर तुम्ही त्याच नावाने प्रश्न विचारलात की ते म्हणतं, हे नाव मला माहीत नाही. मुलं मग नावाचं स्पेलिंग तपासत बसतात. खरी चूक लोड करतानाच वर दाखवलेली असते.

आणखी एक: एरर आल्या तरी लोडिंगच्या शेवटी 'ट्रू' येतं. ते दिसलं म्हणून फाइल नीट लोड झाली असं समजू नका. वर सरकवून पाहा.

३. पूर्णविराम: अर्ध्याहून जास्त चुका इथेच

तीन प्रकार आहेत, आणि तिसरा सर्वांत घातक.

पहिला, पूर्णविराम राहणे.

तालुका(रावेर, जळगाव)
तालुका(शिरपूर, धुळे).

प्रोलॉगच्या दृष्टीने हे दोन ओळींचं एकच विधान आहे, आणि ते चुकीचं आहे. त्यामुळे एरर एक आली तरी नुकसान दोन विधानांचं होतं. रावेरही गेलं आणि शिरपूरही गेलं. शिरपूरची ओळ बिनचूक असूनही तिचं उत्तर का मिळत नाही याचं कोडं इथे सुटतं.

दुसरा, पूर्णविरामाला चिकटून पुढचं विधान लिहिणे.

नदी(तापी).नदी(गिरणा).

पूर्णविरामानंतर रिकामी जागा किंवा नवी ओळ हवीच. ती नसेल तर तो टिंब विधानाचा शेवट धरला जात नाही. शेवटच्या विधानानंतरही एंटर मारायची सवय ठेवा.

तिसरा, नियमाच्या (':-' नंतर अटी दिलेल्या विधानाच्या) मध्येच स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम. यात सिंटॅक्स एरर येतच नाही! नियम अर्ध्यात संपतो आणि उरलेला अर्धा भाग स्वतंत्र विधान म्हणून साठवला जातो. प्रोग्रॅम चालतो, उत्तरं चुकीची येतात. याचं पूर्ण उदाहरण नवव्या पायरीत दिलं आहे, ते सोडू नका.

प्रॉम्प्टवरसुद्धा हाच कायदा. प्रश्न टाइप करून एंटर मारलं आणि काहीच झालं नाही, पुढच्या ओळीवर फक्त उभी रेघ दिसते आहे, तर प्रोग्रॅम अडकलेला नाही. तो पूर्णविरामाची वाट पाहतो आहे. टिंब द्या, एंटर मारा. उघडं अवतरणचिन्ह राहिलं असेल तर टिंबानेही सुटका होत नाही. तेव्हा कंट्रोल-सी दाबा, मग 'ए' दाबून प्रश्न सोडून द्या आणि नव्याने लिहा.

४. कंस, रिकामी जागा, स्वल्पविराम

मराठीत लिहिताना कंसाआधी आपण जागा सोडतो. प्रोलॉगमध्ये विधेयाचं नाव (कंसाआधीचं नाव, जसं 'नदीकाठ') आणि उघडणारा कंस यांच्यात जागा चालत नाही.

चूक: नदीकाठ (शहादा, गोमाई).
बरोबर: नदीकाठ(शहादा, गोमाई).

कंसाच्या आत, स्वल्पविरामानंतर, ओळीच्या सुरुवातीला कितीही जागा सोडा, हरकत नाही.

नियमाची शेवटची अट संपल्यावर स्वल्पविराम राहून जातो, हे फार होतं. मध्ये एखादी अट खोडली की तिच्या आधीचा स्वल्पविराम तसाच उरतो आणि पुढे लगेच पूर्णविराम येतो. प्रोलॉगला आणखी एक अट अपेक्षित असते, ती मिळत नाही. यादीतही तेच: [तापी, गिरणा, ] असं चालत नाही.

यादीतल्या उभ्या रेघेनंतर एकच गोष्ट येते, ती म्हणजे उरलेली यादी. [_पहिली | _बाकी] बरोबर. [_पहिली | _दुसरी, _बाकी] चूक. दोन घटक वेगळे काढायचे असतील तर ते रेघेच्या आधी लिहा: [_पहिली, _दुसरी | _बाकी].

कंसांची जोडी डोळ्यांनी मोजू नका. कर्सर कंसावर नेला की एडिटर त्याचा जोडीदार दाखवतो. त्यावरच विसंबा.

५. मोठं अक्षर, लहान अक्षर आणि आपली देवनागरी

इंग्रजी अक्षरांत लिहिताना मोठ्या अक्षराने सुरू होणारं नाव म्हणजे चल (व्हेरिएबल), लहान अक्षराने सुरू होणारं म्हणजे ठरलेली वस्तू. गावांची नावं मोठ्या अक्षराने लिहायची सवय शाळेपासूनची असल्याने मुलं इंग्रजीत 'तालुका(रावेर, जळगाव)' लिहिताना रावेरचा आर आणि जळगावचा जे मोठा करतात. प्रोलॉग त्याचा अर्थ लावतं: कोणतीही गोष्ट कोणत्याही गोष्टीचा तालुका आहे. एरर येत नाही. फक्त 'सिंगलटन व्हेरिएबल' अशी सूचना येते, म्हणजे हे चल विधानात एकदाच आलं आहे. ही सूचना एररइतकीच गंभीरपणे घ्या. चलाच्या नावात एका अक्षराची गफलत झाली असेल तर तीही हीच सूचना पकडून देते.

उलट बाजूने, विधेयाचं नावच मोठ्या अक्षराने सुरू केलं तर सरळ सिंटॅक्स एरर येते. वर्डमध्ये किंवा मोबाइलवर टाइप केलेल्या फाइलींत प्रत्येक ओळ अशी बिघडलेली असू शकते.

देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही. म्हणून देवनागरीत लिहिलेलं नाव ठरलेली वस्तू धरलं जातं, आणि चल हवं असेल तर सुरुवातीला अंडरस्कोअर द्यावा लागतो: _गाव, _नदी. याची एक किंमत आहे. अंडरस्कोअरने सुरू होणारं चल एकदाच आलं तर ते मुद्दाम केलं आहे असं समजून सिंगलटनची सूचना सहसा दिली जात नाही. म्हणजे देवनागरी प्रोग्रॅममध्ये एक राखणदार कमी होतो. जर्नलसाठी किंवा परीक्षेसाठी लिहिताना चलांची नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत ठेवावीत असा माझा सल्ला आहे. स्वतःच्या सरावासाठी मात्र देवनागरीत जरूर लिहा. आपल्या नद्या, आपली गावं, अहिराणीतली नाती घेऊन लिहिलेला नियम डोक्यात पक्का बसतो.

देवनागरी टाइप करताना तीन सापळे सांभाळा.

• विसर्ग आणि अपूर्णविराम. 'ः' आणि ':' बहुतेक फाँटमध्ये सारखेच दिसतात. नियमाचं चिन्ह ':-' लिहिताना मराठी कीबोर्ड चालू असेल आणि विसर्ग पडला, तर ते चिन्ह प्रोलॉगला ओळखता येत नाही. ओळ कितीही वेळा वाचली तरी चूक दिसणार नाही. शंका आली की चिन्ह खोडा, इंग्रजी कीबोर्ड लावा, पुन्हा टाइप करा.
• अदृश्य जोडअक्षरं. काही मराठी कीबोर्ड 'ऱ्य'सारख्या अक्षरांत न दिसणारं चिन्ह घालतात. कुणी 'आ' हे अक्षर 'अ' आणि काना असं वेगवेगळं टाइप करतं. दिसायला दोन्ही नावं सारखी, प्रोलॉगसाठी वेगळी. एक नाव एकदाच टाइप करा आणि पुढे कॉपी-पेस्ट करा.
• जुने फाँट. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. तो प्रोलॉगच्या फाइलीत चिकटवू नका.

६. अवतरणचिन्हं आणि कॉमेंट

नावात रिकामी जागा असेल तर ते एकेरी अवतरणात घ्या: जिल्हा('उत्तर महाराष्ट्र', जळगाव). अवतरण न दिल्यास 'उत्तर' आणि 'महाराष्ट्र' ही दोन नावं शेजारी येतात आणि 'ऑपरेटर एक्स्पेक्टेड' ठरलेलं.

व्हॉट्सॲपवर किंवा पीडीएफमधून आलेल्या नोट्स चिकटवल्या की वाकडी अवतरणचिन्हं (‘ ’) येतात. प्रोलॉगला सरळ (') चिन्ह हवं. तिथूनच लांब रेघही येते आणि ':-' चं ':–' होतं. एडिटरच्या 'शोधा आणि बदला' सोयीने ही चिन्हं सगळ्या फाइलभर एकदमच बदलून घ्या.

विंडोजवर फाइलचा पूर्ण पत्ता देताना उलटी तिरपी रेघ (\) वापरली तर अवतरणातल्या त्या रेघेला प्रोलॉग खास अर्थ देतं. 'युजर्स' फोल्डरच्या मोठ्या यू आधी ती आली की हमखास एरर. पत्त्यात सरळ तिरपी रेघ (/) वापरा, विंडोजवरही चालते.

कॉमेंटसाठी एका ओळीपुरता % आणि अनेक ओळींसाठी /* ... */. सी किंवा जावाच्या सवयीचं // आणि पायथनचं # इथे कॉमेंट होत नाही. /* उघडून बंद केली नाही तर फाइलचा उरलेला सगळा भाग कॉमेंट समजला जातो. आणि कॉमेंटच्या आत कॉमेंट चालत नाही. पहिला */ आला की ती संपलीच.

७. दुसऱ्या भाषांतली चिन्हं

लहान किंवा समान: =< (जावातलं <= नाही).
मोठं किंवा समान: >= हेच. => लिहू नका, एसडब्ल्यूआयच्या नव्या आवृत्त्यांत त्याचा अर्थ वेगळा आहे.
असमान: != चालत नाही. दोन गोष्टी जुळत नाहीत म्हणायचं तर \= ; आकड्यांची किंमत वेगळी आहे म्हणायचं तर =\= .
'आणि'साठी स्वल्पविराम, 'किंवा'साठी अर्धविराम. && आणि || विसरा.
जर-तर लिहायचं तर ( अट -> हे ; ते ) असं, आणि बाहेरचा कंस न चुकता. तो वगळला तर पुष्कळदा एरर येत नाही, पण आधीच्या अटींसकट सगळ्याचा अर्थ बदलतो.

८. जुन्या पुस्तकातला प्रोग्रॅम चालत नाही, तेव्हा

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा सीनिअरच्या जुन्या जर्नलमध्ये असे प्रोग्रॅम सापडतात, ज्यांत वर डोमेन्स, प्रेडिकेट्स, क्लॉजेस, गोल असे विभाग असतात. मुलं ते जसेच्या तसे टाइप करतात आणि पहिल्याच ओळीपासून एरर येतात. इथे तुमच्या टायपिंगचा दोष नाही. तो टर्बो प्रोलॉगसाठी लिहिलेला प्रोग्रॅम आहे. बोरलँड कंपनीने १९८६ साली टर्बो प्रोलॉग आणलं, आणि त्यात प्रत्येक विधेयाचा प्रकार आधी जाहीर करावा लागे. मार्सेयमध्ये १९७२च्या सुमारास अलँ कोल्मेरोअर आणि फिलिप रूसेल यांनी घडवलेल्या मूळ प्रोलॉगमध्ये असे विभाग नाहीत, आणि १९९५ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणातही नाहीत.

असा प्रोग्रॅम एसडब्ल्यूआयमध्ये आणायचा असेल तर:

डोमेन्स आणि प्रेडिकेट्स हे विभाग त्यांच्या खालच्या जाहीरनाम्यांसकट काढून टाका. 'क्लॉजेस' हा नुसता शब्द काढा, त्याखालची विधानं ठेवा. 'गोल'खाली जे लिहिलं आहे ते फाइलमधून काढा आणि प्रॉम्प्टवर प्रश्न म्हणून विचारा. टर्बोमध्ये नियमासाठी 'इफ' आणि अटी जोडायला 'अँड' हे इंग्रजी शब्दही चालत, त्यांच्या जागी ':-' आणि स्वल्पविराम घाला. असमानतेचं <> चिन्ह दिसलं तर तेही बदला. एवढं केल्यावर सिंटॅक्स एरर जातात. मग 'अननोन प्रोसीजर' येऊ शकतं, कारण वाचण्या-लिहिण्याच्या काही आज्ञा टर्बोच्या स्वतःच्या होत्या. ती वेगळी दुरुस्ती, पण निदान फाइल वाचली तरी जाते.

परीक्षेच्या तयारीसाठी असे प्रोग्रॅम पाठ करू नका. प्रयोगशाळेत जे प्रोलॉग बसवलेलं आहे त्याच्यावर प्रत्यक्ष चालवून पाहिलेलंच जर्नलमध्ये लिहा.

९. एक फाइल पूर्ण दुरुस्त करू

धुळे पांझरेच्या काठी, भडगाव गिरणेच्या, अमळनेर बोरीच्या, शहादा गोमाईच्या. या सगळ्या नद्या शेवटी तापीला मिळतात. प्रोग्रॅमने सांगायचं की कोणत्या गावाचं पाणी कोणत्या मोठ्या नदीत पोहोचतं. ओळींचे क्रमांक समजण्यासाठी दिले आहेत, ते टाइप करायचे नाहीत.

१  % खानदेशातल्या नद्या
२  नदीकाठ(धुळे, पांझरा).
३  नदीकाठ(भडगाव, गिरणा)
४  नदीकाठ(अमळनेर, बोरी).
५  नदीकाठ (शहादा, गोमाई).
६  मिळते(पांझरा, तापी).
७  मिळते(गिरणा, तापी).
८  मिळते(बोरी, तापी.
९  मिळते(गोमाई, तापी).
१०  पोहोचते(_गाव, _मोठी) :-
११      नदीकाठ(_गाव, _लहान).
१२      मिळते(_लहान, _मोठी).

पुढे वाचण्याआधी कागदावर चुका लिहून काढा.

लोड केल्यावर पहिली एरर तिसऱ्या-चौथ्या ओळीच्या आसपास येते. तिथून मागे आधीच्या पूर्णविरामापर्यंत वाचलं की दुसऱ्या ओळीच्या शेवटी पोहोचतो. म्हणजे संशयित विधान तिसऱ्या ओळीपासून सुरू होतं. 'गिरणा)' नंतर टिंब नाही. ते द्या. लक्षात घ्या, या एका टिंबापायी भडगाव आणि अमळनेर दोन्ही गेले होते.

पाचव्या ओळीत नाव आणि कंस यांच्यात जागा आहे. काढा.

आठव्या ओळीत कंस बंद नाही. इथे फक्त तीच ओळ गेली, नववी वाचली, कारण आठव्या ओळीच्या शेवटी पूर्णविराम होता आणि प्रोलॉग तिथे थांबून पुढे नव्याने सुरू झालं.

आता पुन्हा लोड करा. लाल एरर एकही नाही. नवशिके इथेच थांबतात. पण एक पिवळी सूचना अजून आहे: 'मिळते' या विधेयाची विधानं फाइलीत एकत्र नाहीत. ओळी ६ ते ९ तर सलग आहेत, मग प्रोलॉग असं का म्हणतं? कारण त्याला बाराव्या ओळीतही 'मिळते'चं एक स्वतंत्र विधान दिसतं आहे. अकराव्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम हवा होता, तिथे पूर्णविराम पडला आहे.

हे तपासून पाहायचं असेल तर प्रॉम्प्टवर 'लिस्टिंग(मिळते).' द्या. प्रोलॉगने तुमची फाइल कशी वाचली ते जसंच्या तसं समोर येतं. शेवटी असं दिसेल:

मिळते(_, _).

म्हणजे कोणतीही नदी कशालाही मिळते. आणि 'पोहोचते'चा नियम 'नदीकाठ'पाशीच संपलेला दिसेल, त्यात _मोठी कशालाच बांधलेली नाही. या अवस्थेत 'पोहोचते(धुळे, तापी).' विचारलं तर उत्तर 'ट्रू' येतं आणि आपण समाधानाने पुढे जातो. 'पोहोचते(धुळे, अमळनेर).' विचारा, तेही 'ट्रू' येतं! म्हणून प्रोग्रॅम तपासताना ज्याचं उत्तर 'नाही' यायला हवं असा एक तरी प्रश्न विचाराच.

दुरुस्त केलेला नियम:

पोहोचते(_गाव, _मोठी) :-
    नदीकाठ(_गाव, _लहान),
    मिळते(_लहान, _मोठी).

आता 'पोहोचते(भडगाव, _कुठे).' ला तापी हे उत्तर येतं आणि धुळे-अमळनेरच्या प्रश्नाला 'फॉल्स'.

लिस्टिंगची सवय लावून घ्या. सिंटॅक्स एरर प्रोलॉग स्वतः सांगतं. एरर न येता चुकीचं वाचलं गेलेलं विधान फक्त लिस्टिंगमध्ये दिसतं.

१०. फाइल मोठी असेल आणि जागा सापडत नसेल

शे-दोनशे ओळींच्या प्रोजेक्टमध्ये एरर एका ठिकाणी दिसते आणि तिथे काहीच चुकलेलं नसतं. अशा वेळी फाइलच्या मध्यावर, दोन विधानांच्या मधल्या ओळीवर 'एंड अंडरस्कोअर ऑफ अंडरस्कोअर फाइल' हे नाव इंग्रजीत लहान अक्षरांनी, शब्दांमध्ये अंडरस्कोअर घालून लिहा आणि पुढे टिंब द्या. प्रोलॉग तिथेच वाचन थांबवतं. एरर गेली तर चूक खालच्या अर्ध्यात. राहिली तर वरच्या. मग त्या अर्ध्याचा अर्धा. थोड्याच फेऱ्यांत एका विधानापाशी येऊन पोहोचता. काम झालं की ती ओळ न विसरता काढा. ही युक्तीच चालली नाही, फाइलचा मोठा भाग गिळला गेला आहे असं वाटलं, तर आधी न मिटलेली कॉमेंट किंवा अवतरणचिन्ह शोधा. एडिटरमध्ये जिथून पुढे सगळा मजकूर एकाच रंगाचा झाला आहे, तिथेच ते असतं.

तरीही अडलं तर विचारा, पण विचारताना फोटो पाठवू नका. मोबाइलने काढलेल्या स्क्रीनच्या फोटोत स्वल्पविराम आहे की पूर्णविराम, विसर्ग आहे की अपूर्णविराम, हे कुणालाच सांगता येत नाही. मूळ फाइल जोडा, लोड केल्यावर आलेली सगळ्यात पहिली एरर शब्दशः कॉपी करून द्या, प्रोलॉगची आवृत्ती लिहा (सुरू करताना पहिल्याच ओळीत दिसते), आणि कोणता प्रश्न विचारला, काय उत्तर अपेक्षित होतं, काय आलं हे सांगा.